नकाराचा बांबू

लोअर अँकर गावात बोकडांच्या शर्यतीची कमिटी समुद्राकाठच्या बदामाच्या झाडाखाली भरते. तिथे एखादी कल्पना मेली हे कळायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. अध्यक्षांच्या हातात पुरुषभर उंचीचा वाळका बांबू असतो. कल्पना मानवली नाही की तो उचलायचा आणि जमिनीवर आपटायचा. ठक्क! संपलं. ईस्टर उलटेपर्यंत ती कल्पना पुन्हा कुणी तोंडातून काढायची नाही.

गावात याला एकच क्रियापद आहे: 'शूट डाउन' करणं. उडत्या पाखराला गोळी घालून खाली पाडावं, तसं. नव्यानेच बदली होऊन आलेले पोस्टमास्तर एकदा सहज म्हणाले, "मी मिस्टर क्वाशींना जेवायला बोलावलं, तर त्यांनी मला शूट डाउन केलं." टीचर आयनेझने त्यांना तिथल्या तिथे उभं केलं. तिने गावाच्या तीन पिढ्यांना शिकवलेलं, त्यामुळे पोस्टमास्तरांचेही हात आपोआप पाठीमागे गेले.

"आमंत्रण नाकारतात," टीचर म्हणाली. "अर्ज फेटाळतात. लग्नाची मागणी घालायला आलेल्याला वाटाण्याच्या अक्षता लावतात. शूट डाउन करायचं तर आधी काहीतरी हवेत उडायला हवं. एखादी योजना, एखादी सूचना. आणि ती चारचौघांत पडायला हवी, धपकन. तू बोलावलंस, हॉलिस आला नाही. यात उडालं काय?"

"माझी अब्रू."

"ती धुळीला मिळते. बस खाली."

हॉलिस क्वाशी अध्यक्ष झाल्यापासून या गावात उडालेली एकही कल्पना स्वतःच्या पायांवर खाली उतरली नव्हती. बोकडांच्या पाठीवर नंबर लावू या? "बोकड नंबर खातील." ठक्क. शर्यत सकाळच्या गारव्यात घेऊ या? "सकाळी चर्च असतं." चर्चनंतर? "चर्चनंतर भूक असते." ठक्क. बक्षीस म्हणून कप देऊ या? "कपातून काय पिणार, बोकड?" ठक्क, ठक्क. दुसरा ठोका कुणी काही बोलण्याआधीच, पुढच्या वर्षासाठी.

बांबूचे जुने कायदे दोन. बांबू हातात असताना अध्यक्ष जे बोलतील तो नियम. आणि ज्याला स्वतःची कल्पना मांडायची असेल त्याने आधी बांबू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, मग तो अध्यक्ष का असेना. तिसरा कायदा मात्र हॉलिसने स्वतः घातलेला: बोलणाऱ्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय ठोका नाही. एवढा कडक माणूस, पण कुणी मध्येच तोंड घातलं की बांबूनेच त्याला दटावायचा. "थांब. वाक्य पुरं होऊ दे त्याचं."

या सवलतीचा लोक फायदा घेत. वाक्य संपवायचंच नाही. मर्विन नेडने एकदा कपाच्या कल्पनेला 'आणि', 'म्हणून', 'शिवाय' अशी शेपटं जोडत इतकं लांबवलं की विनिफ्रेड ट्रिमने आणलेले खेकडे आणि डंपलिंग गार होऊन त्यावर साय धरली. शेवटी त्याला शिंक आली. ती पूर्णविराम मानायची की नाही यावर वाद झाला. हॉलिसने ती मानली. ठक्क.

या बांबूसमोर डेल्मा ट्रिमचं काम अडलं होतं.

डेल्मा जॉकी होती. बोकडाच्या पाठीवर काही जॉकी बसत नाही. तो दोर हातात धरून बोकडाच्या मागून पळतो आणि बोकडापेक्षा जास्त दमतो. डेल्मा उत्तम पळायची. तिचा बॅरिस्टरही उत्तम पळायचा. काळाभोर, पांढऱ्या दाढीचा, आणि समोरच्याकडे असा बघणारा की निरपराध माणसानेही कबुलीजबाब द्यावा. खोट एवढीच होती की आपल्या मागे कुणी पळतंय हे त्याला सहन होत नसे. तो थांबायचा, सावकाश मागे वळायचा, आणि 'बोला, काय काम होतं?' अशा नजरेने बघत राहायचा. डेल्मा पुढे असेल तर मात्र बाणासारखा सुटायचा. तिच्यामागे तो दुकानात जाई, चर्चमध्ये जाई, एकदा दातांच्या डॉक्टरकडे आत खुर्चीपर्यंत गेला होता.

तीन ईस्टर झाले. तिन्ही वेळा बाकीचे बोकड शर्यतीच्या पट्टीच्या टोकाला पोचले तेव्हा बॅरिस्टर सुरुवातीच्या रेषेवर डेल्माची उलटतपासणी घेत उभा होता.

"यंदा शेवटचं," तिची आई विनिफ्रेड म्हणाली. ती बाजारातून करीचा मसाला घेऊन आली होती आणि पिशवी मुद्दाम बॅरिस्टरच्या समोर ठेवली होती. "धावला तर बोकड, नाही तर रस्सा. जूनमध्ये तुझ्या भावाचं लग्न आहे. मी अख्ख्या गावाला काय पाणी पाजू?"

"मा, तो आपल्या घरातला आहे!"

"म्हणूनच घरच्या लग्नात हजर राहील."

डेल्मा कमिटीपुढे उभी राहिली. एका दमात, स्वच्छ शब्दांत म्हणाली की ज्या बोकडाला जसं जमतं तसं पळू द्यावं, आणि ज्या जॉकीला पुढे राहायचं असेल त्याला पुढे राहू द्यावं. वाक्य संपवून तिने तोंड मिटलं.

हॉलिसने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पुढे तू पळणार, मागे तो पळणार. मग शर्यत कुणाची? उद्या लोक म्हणतील, लोअर अँकरमध्ये बोकड पोरींच्या मागे लागतात."

ठक्क.

झाडाखालचे सगळे हसले. डेल्मा हसली नाही. तिला मसाल्याचा वास येत होता, आणि घर तर तिथून लांब होतं.

तिचा आतेभाऊ ऑलफर्ड बांधावर शहाळी फोडत बसला होता. ऑलफर्डचा एकही सल्ला आजवर कुणाच्या कामी आला नव्हता, पण तो देण्यात हात आखडता घेत नसे.

"तुला मागायचं कळत नाही," तो म्हणाला. "त्यांना राग येईल असं काहीतरी माग. म्हण, जॉकीच नकोत. बोकडांना एकटे सोडा."

"वेड लागलंय का? एकटा तर बॅरिस्टर जागचा हलणार नाही."

"अगं, ते मंजूर कुठे होणार आहे! ऐक. म्हातारा भडकला की बोलण्यात वाहवत जातो. ओरडेल, 'जॉकी पाहिजे म्हणजे पाहिजे! पुढे असो, मागे असो, कुठेही असो!' हातात काय असेल तेव्हा?"

"बांबू."

"बांबू हातात असताना बोललं तो काय?"

"नियम," डेल्मा हळूच म्हणाली.

"मग? 'पुढे असो' एवढं त्याच्या तोंडून पडलं की झालं." ऑलफर्डने शहाळं तोंडाला लावलं आणि अर्धं शर्टावर सांडलं. खरं तर डेल्माने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या बैठकीला ती आली तेव्हा ऑलफर्ड मुद्दाम पुढच्या बाकावर बसला होता आणि तिला भुवयांनी धीर देत होता. डेल्मा उठली.

"माझी कल्पना अशी आहे, मिस्टर क्वाशी, की यंदा जॉकी नकोतच. दोर नको, छडी नको, मागून ओरडणं नको. बोकडांना रेषेवर एकटं उभं करायचं आणि त्यांना वाटेल तसं पळू द्यायचं."

बांबू वर गेला. मर्विनने सवयीने कानांवर हात ठेवले.

ठोका पडला नाही.

बांबू हवेतच राहिला. झाडावरून एक बदाम टपकन पडला आणि त्या आवाजाने तिघे दचकले. हॉलिसने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग बांबू सावकाश खाली घेऊन आडवा मांडीवर ठेवला, झोपलेल्या बाळासारखा.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

डेल्माने ऑलफर्डकडे पाहिलं. ऑलफर्डच्या भुवया कुठेतरी गायब झाल्या होत्या. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी बरंच हळू.

"मंजूर," हॉलिस म्हणाला.

कुणाला काही उमजेना. "म्हणजे काय?" मर्विनने शेजाऱ्याला विचारलं. मंजूर झाल्यावर बांबूचं काय करायचं, हेही कुणाला आठवेना. कुणी म्हणे दोनदा आपटायचा, कुणी म्हणे उलटा धरायचा. एका म्हाताऱ्याने टोपी काढली, कारण त्याला वाटलं कुणीतरी वारलं.

टीचर आयनेझ डेल्माच्या कानाशी वाकली. "तो तुझ्याएवढा होता तेव्हा त्याने हीच कल्पना मांडली होती. कॅप्टन मेलविल अध्यक्ष होते. हॉलिस उठून म्हणाला, 'बोकडांना एकटं,' आणि ठक्क. पुढचे शब्द तोंडातच राहिले."

"मग अध्यक्ष झाल्यावर का नाही मांडली?"

"मांडायची तर बांबू दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. एकदा ठोका खाल्लेला माणूस बांबू सोडतो होय?"

डेल्माला एकाच वेळी त्याची कीव आली आणि ऑलफर्डचा गळा धरावासा वाटला. हॉलिस उभा राहून बोलत होता. त्याच्या मते बोकड हा मूळचा स्वतंत्र वृत्तीचा प्राणी होता, दोराने त्याचं वाटोळं केलं होतं, आणि दोर सुटला की बोकड काय चीज आहे हे जगाला दिसणार होतं. सगळं वाक्य त्याने पुरं केलं. कुणीही मध्ये बोललं नाही.

"पण मिस्टर क्वाशी," डेल्मा रडवेली होऊन म्हणाली, "मग आम्ही जॉकींनी उभं कुठे राहायचं?"

हॉलिस इतका खुशीत होता की त्याला प्रश्नच क्षुल्लक वाटला. त्याने बांबू समुद्राच्या दिशेने फिरवला. "कुठेही राहा! पट्टीवर पाय ठेवायचा नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, बस्स. हवं तर समुद्रात जाऊन उभी राहा!"

घरी जाताना डेल्माने ऑलफर्डला वाटभर सोलून काढलं. तुझ्या कवटीत नारळाचं पाणी आहे, तेही नासलेलं, म्हणाली. ऑलफर्ड मान खाली घालून चालत होता. वळणावर बॅरिस्टर भेटला. दाव्याचा तुकडा गळ्यात लोंबत होता; तो तिला शोधायला निघाला होता. त्याने दोघांना नीट न्याहाळलं, ऑलफर्डला दोषी ठरवलं, आणि डेल्माच्या मागे चालू लागला.

डेल्मा बोलता बोलता थांबली. बॅरिस्टर थांबला. ती झपझप चालली. तो झपझप आला. ती मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली.

"ऑलफर्ड," ती म्हणाली, "हॉलिस नेमकं काय म्हणाले? समुद्रात?"

"अगं, ते आपलं बोलायची पद्धत..."

"बांबू हातात होता ना?"

ईस्टरच्या मंगळवारी सगळा गाव वाळूच्या पट्टीभोवती जमला. पट्टी चर्चच्या कुंपणापासून निघते आणि सरळ पाण्याकडे उतरते. पाण्याच्या अलीकडेच शेवटची रेषा आखलेली, आणि तिच्या बाजूला विनिफ्रेडची टपरी. आत खेकडे-डंपलिंग, बेक नावाचे तळलेले पाव, मॉबीच्या कडवट सरबताचा माठ. टपरीच्या तोंडाशी तिने एक मोठं रिकामं पातेलं पालथं घालून ठेवलं होतं.

"ते कशाला आणलंस, मा?"

"माप घ्यायला," विनिफ्रेड म्हणाली आणि सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या बॅरिस्टरकडे मान उंचावून बघितलं.

जॉकींना काहीच काम नव्हतं. ते कुंपणाशी घोळका करून उभे राहिले, लग्नात जेवण संपल्यावर वाढपी उभे राहतात तसे. डेल्माने घागरा गुडघ्यांवर खोचला आणि शेवटची रेषा ओलांडून समुद्रात शिरली. लोकांनी पाहिलं आणि दुःखाने पोरीचं डोकं फिरलं असं मानून माना हलवल्या. गुडघाभर पाण्यात ती वळून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही.

हॉलिस इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. त्याने स्वतः शंख तोंडाला लावला आणि फुंकला.

बोकड स्वतंत्र झाले. मर्विनच्या हरिकेनने सुरुवातीची फीत खायला घेतली. संडे लंच नावाचा तपकिरी बोकड वाळूत बसला आणि रवंथ करू लागला. दोघांनी एकमेकांना टकरा द्यायला सुरुवात केली, मग दमून एकमेकांना टेकून उभे राहिले. एकजण पाद्रीबाबांच्या मागे लागला, आणि पाद्रीबाबा मात्र फार छान धावले. पट्टीच्या लांबीचा विचार करता ते पहिले आले असते, पण ते उलट्या दिशेला निघाले होते.

हॉलिसच्या हातातला शंख खाली खाली येत गेला. त्याचा चेहरा असा झाला की डेल्माला इतक्या लांबूनही बघवेना.

आणि बॅरिस्टर? बॅरिस्टरने मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने ही नोंद घेतली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, दाढी वर करून वारा हुंगला. मग त्याला समुद्रात काहीतरी ओळखीचं दिसलं.

तो असा सुटला की वाळू उडायलाही उशीर झाला. लोकांचं ओरडणं त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडासारखं फाटत गेलं. विनिफ्रेडच्या हातातला झारा तसाच राहिला. बॅरिस्टर शेवटच्या रेषेवरून गेला, थांबला नाही, पाण्यात शिरला. बोकडाला पाण्याचा तिटकारा असतो हे तो साफ विसरला. पोटापर्यंत भिजून डेल्माच्या पोटात डोकं खुपसल्यावर मग त्याच्या लक्षात आलं आणि तो जोरजोराने तिलाच जाब विचारू लागला.

"लबाडी!" मर्विन धावत आला. त्याच्या बोकडाच्या तोंडातून अजून फीत लोंबत होती. "पोरगी टोकाला उभी राहून त्याला बोलवत होती!"

"मी तोंड उघडलं नाही," डेल्मा निथळत बाहेर आली. "पट्टीवर पाय ठेवला नाही. अध्यक्ष म्हणाले समुद्रात उभी राहा, राहिले."

"मिस्टर क्वाशी!" मर्विन ओरडला. "माझी सूचना आहे की ही शर्यत रद्द करावी आणि जॉकी घेऊन पुन्हा पळवावी, आणि..." तो अडखळला. आणि काय, हे त्याला सुचेना.

हॉलिसने त्याला वेळ दिला. पाण्याकडे बघत, शांतपणे. "झालं वाक्य?"

"झालं."

"शिंक वगैरे?"

"नाही."

हॉलिसने बांबू उचलला आणि आपटला. पण खाली वाळू होती. फुस्स, एवढाच आवाज आला. लोक बघत राहिले. फुस्सने कल्पना पडते का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टीचर आयनेझही विचारात पडली. हॉलिसने इकडेतिकडे पाहिलं, चार ढांगा टाकल्या आणि विनिफ्रेडच्या पालथ्या पातेल्यावर बांबू हाणला.

ढण्ण!

चर्चच्या छपरावरचे पक्षी उडाले.

"माझं पातेलं!" विनिफ्रेड किंचाळली. पातेल्याच्या बुडाला नारळाएवढा खळगा पडला होता. तिने ते उचललं, उलटंसुलटं केलं, मग भिजलेल्या बॅरिस्टरकडे पाहिलं. तो टपरीपाशी येऊन तिच्याकडे रोखून बघत होता. विनिफ्रेडने आधी नजर वळवली.

"कोंबड्या करीन," ती पुटपुटली. "पण लग्नाला येणार असशील तर आंघोळ करून ये."

पुढची बैठक भरली तेव्हा हॉलिस सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. केस चापून बसवलेले, डोळ्यांत चमक. लोक बसताच तो उठला आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने बांबू डेल्माच्या हातात दिला.

"मला एक कल्पना मांडायची आहे," तो म्हणाला.

बांबू डेल्माला वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि वर धरायच्या जागी इतक्या वर्षांच्या मुठीने गुळगुळीत झाला होता.

"पुढल्या वर्षी," हॉलिस म्हणाला, "सगळी शर्यत पाण्यात घ्यायची, कारण बॅरिस्टरने दाखवून दिलं आहे की बोकड मुळात सागरी प्राणी आहे, आणि त्यांच्याबरोबर खेकडेही सोडायचे, म्हणजे बोकडांच्या पायांना चालना मिळेल, आणि प्रेक्षकांनी होड्यांत बसायचं..."

डेल्माने बॅरिस्टरकडे पाहिलं. तो तिच्या पायाशी बसला होता आणि हळूहळू नकारार्थी मान हलवत होता. अर्थात माशी असेल.

हॉलिसने तिच्या हाताकडे पाहिलं. तो हात बांबूवर थोडा वर सरकला होता.

"...आणि पाद्रीबाबांनी पोहत पुढे राहायचं," तो घाईघाईने म्हणाला, "म्हणून त्यांना आधी पोहायला शिकवायचं, शिवाय पोस्टमास्तरांनी, ज्यांना मी अजून जेवायला होकार दिलेला नाही, पण देईन, त्यांनी, आणि त्यांच्याबरोबर..."

विनिफ्रेडने खेकड्यांवर झाकण ठेवलं. टीचर आयनेझने विणकाम काढलं. मर्विन कौतुकाने पुढे सरकून बसला. अशी शेपटं जोडणारा दुसरा माणूस त्याने पाहिला नव्हता.

डेल्मा थांबली. कायदा त्याचाच होता आणि चांगला होता. वाक्य पुरं होऊ द्यायचं. सूर्य पाण्याला टेकला तरी ती बांबू दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि हॉलिस 'तसंच', 'त्याचप्रमाणे' करत डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता. मग त्याचा श्वास संपला. तो थांबला.

"झालं, मिस्टर क्वाशी?" डेल्माने मायेने विचारलं.

हॉलिसने कपाळाचा घाम पुसला. "झालं बाई," तो म्हणाला. "अख्खं झालं." आणि तो इतका समाधानी दिसत होता, की डेल्माने बांबू उचलताना त्याला कानांवर हात ठेवायलाही वेळ दिला.